उरलेले तीन मिलिमीटर

सरांच्या हाती नुसतं गरम पाणी द्यायचं नाही, असा आमच्या रसायनशास्त्र विभागात नियम होता. लिहिलेला कुठंच नव्हता, पण शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे तो पाळत. चहा चालायचा, कारण चहात काही बुडवलं तर चहा वाया जातो आणि सरांचा चहावर जीव होता. नुसतं पाणी मिळालं की मात्र ते आजूबाजूला प्लास्टिकची वस्तू शोधू लागत, आणि सापडली की न विचारता बुडवत. हेडक्लार्कचा कंगवा, ग्रंथपालबाईंच्या डब्याचं झाकण, एका पाहुण्या परीक्षकांच्या पेनाचं टोपण, अशा कितीतरी वस्तू त्यांनी कामातून घालवल्या. कुणी तक्रार केली तर शांतपणे म्हणत, "अहो, मी काहीच केलं नाही. ती आपल्या घरी गेली."

लोक वाकडा कंगवा खिशात टाकून निघून जात. मला निघून जायची सोय नव्हती, कारण माझी पीएच.डी. या माणसाकडे होती.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, नगरच्या एका कॉलेजातली. मी श्रीगोंद्याकडची. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला. आमच्या वस्तीत मी पहिली एम.एस्सी. झालेली, म्हणून वडील माझी गुणपत्रिका घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि कारखान्याच्या गेटवर लोकांना दाखवायचे. मी नगरला तासिका तत्त्वावर शिकवत होते, म्हणजे जितके तास तितकंच मानधन, आणि उन्हाळ्यात तेही नाही. मला एकच गोष्ट हवी होती, कायमची नोकरी. आणि तिच्या वाटेत सर बसले होते, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन.

सरांकडे दुसरा विद्यार्थी नव्हता. का नव्हता, हे नाव नोंदवण्याआधी चार लोकांना विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही.

विषय मात्र खरोखर चांगला होता, हे मी रागातही कबूल करते. आकार लक्षात ठेवणारं प्लास्टिक. एखादी पट्टी ज्या आकारात घडली, तो तिचा मूळ आकार. तिला गरम करून ताणायची, ताणलेली असतानाच थंड करायची, की ती तशीच लांब राहते. महिनाभर ठेवा, वर्षभर ठेवा, ती लांबच. पुन्हा गरम पाण्यात टाकली की आक्रसून मूळ मापावर येते. सर यालाच घरी जाणं म्हणत. नुसतं रबर घेतलं तर ते ताणलेलं राहत नाही, आणि नुसतं मऊ प्लास्टिक घेतलं तर ते गरम झाल्यावर पसरतं, परत येत नाही. म्हणून आम्ही दोन्हींचं मिश्रण करत होतो. रबर होतं साधं झाडाचं, आणि प्लास्टिक चपलेच्या तळाला वापरतात तसलं. प्लास्टिक ताण धरून ठेवायचं, रबर परत ओढून आणायचं. त्यात ताकदीसाठी तिसरी वस्तू होती साखर कारखान्यातल्या बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख. ती वडील बॉयलरमधून पिशवी भरून एस.टी.ने पाठवायचे. मिश्रण मळायला लागणारे लोखंडी रोल कॉलेजात कुठले असायला? ते एमआयडीसीतल्या एका रबराच्या कारखान्यात होते आणि रविवारीच मोकळे असत. त्यामुळे तीन वर्षं मला रविवार नव्हता.

सर सगळ्यांना अहो-जाहो करत. पहिल्या वर्षाच्या पोरांना, शिपायांना, भाजीवालीला, आणि ओव्हनलाही. "अहो, तापा आता, अकरा वाजले," असं ते ओव्हनला म्हणताना मी स्वतः ऐकलं आहे. या अहो-जाहोचा गैरसमज होऊ नये. ते प्रेमानं नाकारत, आदरानं छळत, आणि तुमचं सहा महिन्यांचं काम "बाई, हे आपण पुन्हा करू या" एवढ्या गोड वाक्यानं कचऱ्यात टाकत. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. चढला असता तर भांडता तरी आलं असतं.

आमचे लॅब अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत. राहुरीकडचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाला सर आणि मी गेलो होतो. सर मांडवात दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर मागं आचाऱ्याच्या चुलीपाशी बसलेले. समोर उकळत्या पाण्याचं पातेलं, हातात लांब पळी, आणि बाजूला पाणी प्यायच्या पातळ प्लास्टिकच्या ग्लासांची चळत. एकेक ग्लास ते पातेल्यात सोडत होते. ग्लास वळायचा, मिटायचा आणि पापडासारखी सपाट चकती होऊन वर यायचा. भोवती बायका-पोरांचा हा घोळका. सर समजावून सांगत होते की हा ग्लास आधी सपाट पत्रा होता, साच्यात दाबून त्याला ग्लास केलं, पण तो पत्राच आहे हे तो विसरलेला नाही. बायका माना डोलावत होत्या. तिकडं पंगतीत वऱ्हाड ठसका लागून बसलं होतं आणि वाढपी ग्लास शोधत फिरत होते. नवऱ्या मुलाच्या काकांचा पारा चढला. मामांनी मांडवात हात जोडले, माझ्याजवळ आले आणि इतकंच म्हणाले, "ताई, तुमचा मानूस तेवढा घेऊन जा."

तेव्हापासून सर माझे माणूस झाले. मी काय पाप केलं होतं कोण जाणे.

राखेसाठी एकदा सर स्वतः कारखान्यावर यायला निघाले. मी नको म्हणत होते. वडील स्टँडवर घ्यायला आले, "जय भीम, सर" म्हणाले. सरांनीही हात जोडून तसाच जयभीम केला, आणि आम्ही पाटाच्या कडेनं चालत निघालो. वाटेत एका उसाच्या बांधावर एक शेतकरी पाइप जोडत होता. त्या वेळी सगळेच जोडायचे तसं. पाचटाचा जाळ करायचा, पाइपाचं तोंड त्यावर फिरवत मऊ करायचं, दुसरा पाइप घुसवून ते तोंड फुगवायचं आणि थंड झालं की जोड तयार. मी लहानपणापासून हे पाहत आले होते आणि त्यात पाहण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. सर जागच्या जागी उभे राहिले. मग फतकल मारून बसले. शेतकऱ्यानं फुगवून ठेवलेलं एक तोंड त्यांनी उचललं आणि पुन्हा जाळावर धरलं. ते आवळत आवळत होतं तसं झालं.

शेतकरी म्हणाला, "सायेब, मी तासभर तापवून फुगवलं, तुमी घटकेत मिटवलं. पाटाला पानी आलंय. आमची पाळी गेली तर ऊस तुमी भिजवनार हाय का?"

वडिलांची मान शरमेनं खाली. सरांचं भलतंच चाललेलं. ते त्याला उत्साहानं सांगू लागले की जोड बसवल्यावर वरून पुन्हा थोडा जाळ दाखवला तर पाइप आपोआप आवळून घट्ट बसेल. शेतकऱ्यानं दुसरं तोंड तापवायला घेत मान वर न करता म्हटलं, "ते आमाला ठावं हाय. म्हनून तर शेवटी पलिता फिरवतो."

सर पुढं वर्षभर प्रत्येक वर्गात त्या शेतकऱ्याला आपला गुरू म्हणून सांगत होते. माझ्या प्रबंधात आभार मानायच्या पानावर त्याचं नाव प्राचार्यांच्या वर असावं असाही त्यांचा हट्ट होता. नाव विचारायला ते पुन्हा तिथवर गेलेही, एक अख्खा दिवस घालवून. माझं प्रकरण तिसरं तेव्हा त्यांच्या टेबलावर न वाचता पडलेलं होतं.

अशात वरून तो नियम आला. कायमची नोकरी हवी तर यापुढे नेट पास असलं पाहिजे, पण ज्यांचा प्रबंध त्या डिसेंबरअखेर विद्यापीठात दाखल होईल त्यांना सूट. आमच्या पिढीतल्या प्रत्येकाला ती तारीख पाठ आहे. साऱ्या जिल्ह्यात प्रबंधांची घाई उडाली, टायपिस्टांना जेवायला सवड मिळेना. माझा प्रबंध नोव्हेंबरातच टाइप होऊन तयार होता. फक्त सरांची सही हवी होती. आणि सर सही करत नव्हते.

कारण तीन मिलिमीटर.

आमची प्रत्येक पट्टी शंभर मिलिमीटरची. ताणून दुप्पट करायची, गार करायची, मग गरम पाण्यात सोडायची. ती परत शंभरवर यायला हवी. ती यायची एकशेतीनवर. मी ग्रंथालयातले जुने अंक काढून दाखवले की इतका फरक जपानी लोकांच्याही कामात सापडतो. सर वाचायचे, "छान आहे" म्हणायचे, आणि विचारायचे, "पण उरलेले तीन कुठं गेले?"

मी म्हणायचे, राखेमुळे असेल. ते राख न घातलेली पट्टी पुढं करायचे. तिलाही तीन. रबर कमी पडलं असेल. जास्त रबराची पट्टी. तिलाही तीन. एकदा ते म्हणाले, "बाई, प्लास्टिक कधी इतकं शिस्तीत चुकत नाही. शिस्तीत चुकतो तो माणूस." मला वाटलं, हा टोमणा मला आहे. मी त्या दिवशी जेवले नाही.

डिसेंबर निम्मा सरला. वडील श्रीगोंद्याहून आले, सरांपुढं उभे राहिले. अडला हरी आणि काय. सर त्यांना बसा बसा म्हणत होते, पण वडील बसले नाहीत. "सर, तुमी लई मोठे मानूस. आमाला त्यातलं कळत न्हाई. पर एवढं वरीस हुकलं तर पोरीचं सगळंच हुकतं बघा," असं म्हणाले. सरांचे डोळे भरून आले. त्यांनी वडिलांना चहा पाजला, स्टँडपर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, "फार सज्जन गृहस्थ आहेत. मग ते तीन मिलिमीटर?"

मला तेव्हा त्यांचा थर्मास त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटला होता. हे आजवर कुणाला सांगितलं नाही, पण अगदी मनापासून वाटलं होतं.

तारखेला दहाच दिवस राहिले असताना मी सकाळी लॅबमध्ये आले तर सर माझ्या टेबलाशी बसलेले. समोर माझी प्लास्टिकची फूटपट्टी, कापड बाजारातल्या वह्यांच्या दुकानातून घेतलेली, जिनं मी दोन वर्षं सगळी मापं घेतली ती. तिच्या शेजारी पदार्थविज्ञानवाल्यांकडून आणलेली स्टीलची पट्टी. दोन्ही शून्याला शून्य लावून ठेवलेल्या. माझी पट्टी संपत होती तिथं स्टीलची अजून नऊ मिलिमीटर बाकी होती. तीस सेंटीमीटरला नऊ, म्हणजे दहाला तीन.

"अहो," सर म्हणाले, "ही मी उकळली होती."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी, माझं मोजमाप सुरू व्हायच्या आधीच, त्यांनी माझ्या नकळत ती पट्टी गरम पाण्यात घातली. ती आक्रसली आणि वाकली. मी रागावेन म्हणून त्यांनी ती गरम असतानाच जाड शब्दकोशाखाली दाबून सरळ केली आणि गुपचूप टेबलावर परत ठेवली. मग विसरून गेले. नमुने कापायचा आमचा लोखंडी साचा बरोबर शंभराचा, म्हणून सुरुवातीची लांबी मी कधी मोजलीच नव्हती. मोजत होते ते फक्त परत आल्यावर, त्या आखूड झालेल्या पट्टीनं. पट्ट्या बिचाऱ्या पूर्ण घरी येत होत्या.

तीन वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. "सर, तुमची एक उकळी आणि माझी दोन वर्षं," असं मी म्हणाले, आणि आणखीही बरंच. मामा दारात येऊन परत गेले. सर मान खाली घालून ऐकत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "आता सगळ्या पट्ट्या पुन्हा मोजू या."

मी सांगितलं, चूक ठरावीक आहे, सगळ्या आकड्यांना एकदा भागलं की झालं, एका दुपारचं काम. ते म्हणाले, भागाकार म्हणजे मोजणं नव्हे. पुन्हा तेच! सुदैवानं मामांनी एकही नमुना टाकला नव्हता. सगळे बिस्किटांच्या डब्यांत चिठ्ठ्या लावून ठेवलेले. आम्ही तिघांनी नाताळच्या सुट्टीत चार दिवस बसून शेकडो पट्ट्या मोजल्या. मामा चिठ्ठी वाचायचे, सर मापायचे, मी लिहायचे. राखेविना पट्ट्या शंभरवर येत होत्या. राख जास्त तिथं आक्रसणं केसभर कमी, पण आधी त्या तीनच्या घोळात दडलेला हा बारीक फरक आता राखेचाच होता आणि प्रत्येक मिश्रणागणिक वेगळा होता. खरं सांगायचं तर कामाला पहिल्यांदा अर्थ आला होता. पण ते कबूल करण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

टायपिस्टनं कोष्टकं पुन्हा टाइप केली. सरांनी पेन काढलं, आणि सहीऐवजी एका कागदावर एक परिच्छेद लिहून माझ्यापुढं ठेवला. मार्गदर्शकाच्या हलगर्जीपणामुळे मोजपट्टी खराब झाली होती, त्यामुळे आधीची सर्व मापं चुकीची आली, ती रद्द करून नव्यानं घेतली आहेत, असा त्याचा मजकूर. हा प्रबंधात घाला, मग सही. मी म्हटलं, सर, लोक हसतील. कुणाला कळणारही नाही, कशाला लिहायचं?

"पहिले आकडे आपण परिसंवादात वाचून दाखवलेत," ते म्हणाले. "ते चुकीचे का होते हे कुणीतरी सांगायला हवं. तुमच्यावर यायला नको."

मी परिच्छेद घातला. त्यांनी सही केली. मी एस.टी.नं पुण्याला जाऊन मुदतीच्या आत प्रबंध दाखल केला आणि पावती वडिलांना दिली. ती त्यांच्या खिशात गुणपत्रिकेच्या जोडीला जाऊन बसली.

लोक हसले, हे वेगळं सांगायला नको. विद्यापीठात सरांना उकळीवाले म्हणू लागले. त्यांना नंतर एकही विद्यार्थी मिळाला नाही. आधी तरी कुठं रांग लागली होती, असं मी स्वतःला सांगत असे.

जूनमध्ये राहुरीकडच्या एका कॉलेजात कायमच्या जागेसाठी माझी मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्यांत पुण्याचे एक तज्ज्ञ होते, सरांना जुने ओळखणारे. त्यांनी प्रबंध चाळता चाळता नेमका तो परिच्छेद काढला आणि मोठ्यानं वाचला. सगळे हसले. मीही हसले. मग त्यांनी विचारलं, "पण ही चूक पकडली कुणी?"

परिच्छेदात ते लिहिलेलं नव्हतं. बाहेर बाकावर अजून सहा उमेदवार बसलेले होते. मी म्हणाले, "मी, सर. मला शंका आली म्हणून मी स्टीलची पट्टी लावून पाहिली."

तज्ज्ञ खूश झाले. संशोधकाकडे अशीच नजर हवी, असं बाकीच्यांना म्हणाले. आठ दिवसांनी मला नेमणुकीचं पत्र आलं.

पेढे घेऊन मी नगरला गेले. मामा व्हरांड्यातच भेटले. पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, पुण्याच्या सायबांचा हापिसात फोन आला होता, तुमची मुलाखत झाली त्याच दिशी, सांजच्याला. मीच सरांना बोलवायला गेल्तो. मामा सांगत होते, "सायेब इचारत असतील, पट्टीची चूक पोरीनं पकडली का म्हनून. सर म्हनले, हो, त्यांनीच पकडली, मला तर आठवतही नव्हतं." मग मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं. दुसरा पेढा त्यांनी घेतला नाही.

मी आत गेले. सर टेबलाशी बसले होते. पेढा घेतला, अभिनंदन केलं, तिकडच्या लॅबमध्ये ओव्हन कसा आहे ते विचारलं. तीन मिलिमीटरसाठी प्रबंधावरची सही दीड महिना अडवून धरणारा हा माणूस, आणि माझ्यासाठी अख्खं खोटं बोलून वर ओव्हनची चौकशी करतोय. मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटायचं बाकी होतं. मी म्हणाले, "सर, ती पट्टी मी नाही..."

"अहो, माझ्या तासाची वेळ झाली," म्हणत ते उठले आणि खडू घेऊन निघून गेले.

त्यांचा तास अकराला असायचा. तेव्हा दहाही वाजले नव्हते. त्या पंधरवड्यात ते दोनदा खोटं बोलले, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी.